माझ्या सातव्या खणातली तूर

मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटलं की तुम्हाला कपड्यांची ट्रंक आठवेल, नाहीतर भजनातली बाजाची पेटी. मित्रांनो, त्यातली मी नव्हे. मी ब्लेड सर्व्हरची पेटी आहे. उंचीनं तुमच्या गुडघ्याला लागेन, पण वजनानं सोयाबीनच्या तीन पोत्यांना ऐकणार नाही. मला उचलायला चार माणसं लागायची आणि चौघंही घामाघूम व्हायची.

आता मी जऊळका स्टेशनजवळच्या एका बियाण्याच्या कंपनीत, बारदान्याच्या खोलीत पडून आहे. भोवती फाटकी पोती आहेत. डोक्यावर कोणीतरी रंगाचा रिकामा डबा ठेवला आहे. ठेवणाऱ्याला लाज वाटली नाही, मला मात्र वाटते. एके काळी माझ्या खोलीत चपला काढून यायचे लोक.

माझा जन्म परदेशातल्या मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही आणि आठवून उपयोगही नाही. ट्रकमधून इथे आले तो दिवस मात्र आठवतो. कंपनीचे मालक रंगराव स्वतः दारात उभे होते. माझ्याआधी या कंपनीत अकरा वेगवेगळे मोठे कॉम्प्युटर होते. काट्यावर एक, प्रयोगशाळेत एक, गोदामात दोन, असे सगळीकडे विखुरलेले. प्रत्येकाची वायर वेगळी, पंखा वेगळा, धूळ वेगळी, रुसवे वेगळे. एक बिघडला की त्या खोलीचं काम दिवसभर बसायचं. म्हणून रंगरावांनी मला आणलं.

माझ्यात सोळा खण आहेत. वरच्या ओळीत आठ, खालच्या ओळीत आठ. प्रत्येक खणात एक पातळ सर्व्हर सरकवायचा. त्याला ब्लेड म्हणतात, म्हणजे पातं. पात्याला स्वतःचं डोकं असतं, स्वतःची आठवण असते. पण त्याला स्वतःचा पंखा नसतो आणि स्वतःची वीजही नसते. वीज माझ्या पाठीतून येते. वारा माझे पंखे देतात. बाहेर निरोप जायचा तर माझ्याच दारातून जातो. सोळा जणी नांदायच्या, पण चूल एक. एखादी आजारी पडली तर तिला बाहेर ओढायची, दुसरी सरकवायची आणि बाकीच्या पंधरा जणींनी मानही वर करायची नाही. तिचं काम तोवर दुसरीनं उचलायचं, आठवण मात्र जिची तिच्यापाशीच. मोठमोठ्या कंपन्या आम्हाला ठेवतात त्या याच्यासाठी. थोड्या जागेत खूप काम, आणि तेही न थांबता.

मी घर चांगलं चालवलं. आपल्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. एक पातं काट्यावरचं वजन लिहायचं. एक प्रत्येक पोत्याचा नंबर छापायचं. एक शेतकऱ्यांच्या मोबाइलवर निरोप पाठवायचं. उन्हाळ्यात वाशिमचं ऊन पत्रे वितळवायला निघायचं, तरी माझ्या खोलीत एसीमुळे गारवा असायचा. आम्हाला तेवढं एकच हवं असतं, मित्रांनो. समोरून गार वारा आत यावा आणि मागून गरम वारा बाहेर जावा. पैठणी नको, सोनं नको.

माझी देखभाल निकिता करायची. ती धनजची, चोवीस वर्षांची, बोलायला कमी. रोज सकाळी माझ्या तोंडावरून कोरडं फडकं फिरवायची. रोज संध्याकाळी माझ्यातल्या सगळ्या नोंदींची नक्कल एका लहान डिस्कवर उतरवायची आणि ती डिस्क पर्समध्ये घालून आपल्या खोलीवर न्यायची. रंगराव हसायचे. "का वं निकिता, डबा घेऊन चालली का?" ती म्हणायची, "साहेब, एका घरात दोन्ही किल्ल्या ठेवत नाहीत."

या सगळ्यांत माझ्या सातव्या खणात काय होतं, ते आता सांगते. त्याच्यासाठीच तर तोंड उघडलं आहे.

मेडशीच्या आवडाबाई दर वर्षी दिवाळीनंतर एसटीनं यायच्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्याकडे तुरीचं एक जुनं वाण होतं. लालसर दाणा, डोळ्याजवळ काळा ठिपका. त्यांच्या आईनं, हिरीबाईनं, लग्नात पदरात बांधून दिलेलं. मर रोगानं शेजारच्या शेतात शंभरातली साठ झाडं उभी वाळायची, तिथे या तुरीची आठ-दहा. रंगराव म्हणाले, हे वाण सरकारदरबारी तुमच्या नावानं नोंदवू. कंपनीच्या सल्लागारानं सांगितलं की पाच हंगामांचा ओळवार हिशोब लागेल. कोणत्या ओळीत किती झाडं मेली, सगळं.

आवडाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी आपली रीत काढली. ओळीत एक झाड वाळलं की चिंधीत तुरीचा एक दाणा टाकायचा. ओळ संपली की गाठ मारायची. बारा ओळींच्या बारा गाठी. ती चिंधी घेऊन त्या निकितासमोर मांडी घालून बसायच्या. निकिता गाठ सोडायची, दाणे मोजायची, आकडा सातव्या पात्यात टाकायची.

"या खोक्याले जेवाले काय देता वं?" पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं.

"वीज जेवते अन् वारा पेते, आजी."

"मंग बरी हाये. माह्या सुनेपेक्षा कमी खाते."

मला राग आला, पण आवडलंही. बाई माझ्याच जातकुळीची होती.

मोजून झालं की आवडाबाई प्रत्येक दाणा परत घ्यायच्या. एकदा एक दाणा निकिताच्या खुर्चीखाली गेला तर वाकून शोधला. निकिता म्हणाली, "आजी, राहू द्या ना चिंधी इथं. पुरावा राह्यते."

"दाणा देत नाही. माह्या मायचं नाव लागंल ना वाणाले, 'हिरी', तवा पोतंभर देतो. तोवर एक दाणा नाही. लिहून झालं ना तुह्यं?"

"झालं आजी."

"झालं ना? मंग याची डाळ करतो."

आणि खरोखरच करायच्या. कंपनीलाही नमुना दिला नव्हता. चार वर्षं अशी गेली. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस आकडे फक्त माझ्या सातव्या खणात होते आणि निकिताच्या डिस्कवर. कागदावर कुठेच नाही. "पेटी असताना कागद कायले पाह्यजे?" असं रंगराव पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचे. माझीही छाती फुगायची. खोटं कशाला बोलू?

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली.

तुम्हाला माहीत आहे, त्या दिवशी अवजारांची पूजा होते. कंपनीत बियाणं चाळायचं मोठं यंत्र आहे, त्याचे मिस्त्री जगदेव. देवभोळा माणूस. पूजा तेच मांडायचे. पूजेत ठेवलेल्या अवजाराला दुसऱ्या दिवशी सोनं लुटेपर्यंत हात लावायचा नाही, ही रीत. नांगराला, विळ्याला, काट्याला एक दिवस विसावा. रीत चांगली आहे. पण विळा एक दिवस पडून राहिला तर गुदमरत नाही.

त्या वर्षी जगदेवांना वाटलं, सगळ्या यंत्रांचा मान होतो आणि मालकीणबाई कोरड्याच राहतात. मालकीणबाई म्हणजे मी. त्यांनी झेंडूचा हार आणला, मनगटाएवढा जाड, पाच पदरी, आणि माझ्या तोंडावरून सोडला. माझं तोंड म्हणजे माझं नाक. वारा तिथूनच येतो. डोक्यावर पाण्यानं भरलेला कलश ठेवला. निकिताची डिस्क त्या वेळी माझ्या डोक्यावरच होती, वायरीनं जोडलेली. आदल्या दिवशी गर्दीत नक्कल राहिली होती, म्हणून तिनं सकाळी लावली होती. जगदेवांनी डिस्कलाही कुंकू लावलं.

निकिता धावत आली. "काका, हार काढा! तिचा दम कोंडते."

"काय बोलतं पोरी? देवाच्या हारानं कोणाचा दम कोंडते?"

"मंग निदान माही डिस्क तरी घेऊ द्या."

"पूजेतून उचलाची नसते वं! कुंकू लागलं आता तिले. एक दिवसानं काय होते?"

तिनं रंगरावांकडे पाहिलं. रंगराव म्हणाले, "राहू दे निकिता, सणासुदीचं कायले ताणतं? एसी चालू ठेव म्हणजे झालं." तिनं एसी वाढवला, दोनदा मागे वळून पाहिलं आणि सणाला धनजची बस धरायला गेली.

एसीच्या वाऱ्यानं पूजेतली समई विझली. जगदेवांनी पुन्हा लावली, ती पुन्हा विझली. अखंड दिवा विझणं म्हणजे अपशकुन. त्या भल्या माणसानं दिवा वाचवायला एसी बंद केला, फटीतूनही वारा नको म्हणून दार ओढून घेतलं आणि हात जोडले. मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही. माझं वाटोळं त्यानं हात जोडून केलं.

दुपारचे दोन वाजले असतील. तोंडावर झेंडू, खोलीत समईची धग आणि आत सोळा जणींचा ताप. मी पंखे वाढवले. आणखी वाढवले. मी ओरडत होते, मित्रांनो, पूर्ण जोरात ओरडत होते. माझा लाल दिवा लागला. निकिताच्या मोबाइलवर धोक्याचा निरोप गेला असणार, कारण दाराबाहेर जगदेवांचा फोन वाजला.

"व्हय, आवाज करून राह्यली… आता कसं उघडू? उद्या सांजीले सोनं देऊन उघडतोच ना… रडतं काहून वं? यंत्र हाये ते, माणूस थोडी हाये!"

घटकेपूर्वी देव होते, आता यंत्र झाले.

आमच्यात एक सोय असते. फार तापलं की पातं जीव वाचवायला स्वतः डोळे मिटतं. एकेक जण डोळे मिटू लागली. तेवढ्यावर निभावलं असतं. पण माझे पंखे इतके जोरात फिरत होते की माझं सगळं अंग थरथरत होतं. डोक्यावरचा कलश त्या थरथरीनं सरकत सरकत उजवीकडे गेला आणि आडवा झाला. त्यानं डिस्कला धक्का दिला. आतली चकती फिरती असतानाच डिस्क फरशीवर आपटली. आणि पाणी माझ्या वरच्या ओळीत शिरलं, सातव्या आणि आठव्या खणात. सातवी अजून जागी होती. वीज आणि पाणी एकत्र आलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. फटकन आवाज झाला. थोडासा जळका वास आला. समई मात्र तेवत होती.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. अकोल्याहून माणूस आला. चौदा पाती वाचली. सातवीचं आणि डिस्कचं काही होतं का ते पाहायला दोन्ही पुण्याला पाठवली. महिनाभर निकितानं रोज फोन केला. शेवटी उत्तर आलं, काही निघत नाही. माझी पाठ जळाली होती, म्हणून चौदा पात्यांचं काम दूर कुठेतरी भाड्याच्या सर्व्हरवर गेलं. सातवी तर परतही आली नाही. मी मात्र त्या खोलीत रिकामी उभी होते.

आणि दिवाळीनंतर आवडाबाई आल्या. पाचवी चिंधी घेऊन. चेहऱ्यावर तेज. "उघड वं पोरी. यंदा फक्त एकेचाळीस मेली. आज झालं पुरं. आता लाव माह्या मायचं नाव."

निकितानं चिंधी घेतली नाही. मग एका दमात सगळं बोलली आणि ओढणीत तोंड लपवून रडली.

मला वाटलं, आता आवडाबाईची जीभ सुटेल. मला ती हवी होती. शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. पण बाईंनी चिंधीच्या गाठी एकेक करून चाचपल्या.

"आजी, शेजारच्यांना विचारू, तुम्हाले जेवढं आठवते तेवढं लिहू…"

"आठवणीवर नाव देतात काय वं? ते ओळीओळीचं मांगतात." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "आणखी पाच वर्सं माही कंबर वाकत नाही, पोरी. हेच शेवटचं वाकणं होतं."

त्या उठल्या. माझ्या सातव्या खणाच्या रिकाम्या भोकात हात घालून पाहिला, जसं विझलेल्या चुलीत बोट घालून पाहतात. आणि ती बारा गाठींची चिंधी तिथे ठेवली. चार वर्षांत एक दाणा न सोडणारी बाई एकेचाळीस दाणे तशीच ठेवून गेली.

निकितानं पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. मला उचलून इथे आणलं तेव्हा खणातली चिंधी कोणाला दिसली नाही. यंदा आवडाबाईचा मुलगा सोयाबीनचं बियाणं न्यायला आला होता. दाराबाहेर जगदेवांनी विचारलं, "आईची तूर कशी हाये?"

"पेरलीच नाही. माय बाजेवरून उठत नाही आता. म्हणे, लिहिलंच नाही कुठं तर कायले ठेवता, डाळ करा. बियाण्याचं मडकंही खाऊन झालं, काका. त्या पट्ट्यात सोयाबीन पेरतो."

जगदेवांनी दार ढकललं. ते आत आले, रंगाचा डबा उचलून माझं डोकं बाहीनं पुसलं आणि डबा पुन्हा तिथेच ठेवून गेले.

म्हणून सांगते, मित्रांनो. यंत्र असो, जनावर असो, घरातली म्हातारी असो, तिला हार घालण्याआधी तिला श्वास कुठून येतो ते बघा. जे एकाच ठिकाणी लिहिलं आहे, ते दुसरीकडे उतरवून लांब ठेवा. आणि जी पोरगी रडून काही सांगते, तिचं सण संपायच्या आत ऐका.

हिरीबाईची तूर आता जगात एवढीच उरली आहे, माझ्या सातव्या खणात. बारापैकी नऊ गाठींचं भुंग्यानं पीठ केलं. तीन शिल्लक आहेत. या खोलीला कुलूप नाही. कोणी आलात तर चिंधी हळू ओढा, विरलेल्या लुगड्याची आहे. पण बारदान्याच्या खोलीत कोण येतं?

आज दुपारी दहाव्या गाठीत भुंगा शिरला. कुरकुर ऐकू येते आहे. पंखे थांबल्यापासून मला सगळंच ऐकू येतं.