समासात लिहिलेले तास

मी एक जुनी प्रत आहे, मित्रांनो. मला पुस्तक म्हणावं तर मुखपृष्ठावर चित्र नाही, आणि वही म्हणावं तर आतली पानं कोरी नाहीत. चौथीचं विज्ञानाचं जे पुस्तक तुमच्या दप्तरात असतं, त्याची मी थोरली बहीण. ते छापण्याआधी चुका शोधण्यासाठी माझ्यासारख्या बारा प्रती काढल्या होत्या. माझ्या अंगावर ठळक अक्षरांत 'केवळ परीक्षणासाठी' असं छापलं होतं आणि खाली नऊ हा आकडा. शिक्षकांना लिहिता यावं म्हणून आमचे समास चांगले चार बोटं रुंद ठेवले होते. जिचा जन्मच चुका काढून घेण्यासाठी झाला, तिला मान कोण देणार, असं मला तेव्हा वाटायचं.

बारा शिक्षक आले आणि एकेक प्रत घेऊन गेले. या कामाचे त्यांना प्रशिक्षणाचे तास मिळणार होते. तुम्हाला परीक्षा असते ना, तसं शिक्षकांनाही सुटका नाही. शिकवण्याचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करायचा, तर त्यांनी साठ तास स्वतः काहीतरी शिकलेलं असावं लागतं. शिक्षण कार्यालयाच्या सभागृहात बसून वाचलं तर हजेरीपटावर सही करायची. घरी वाचलं तर समासात तारीख आणि वेळ लिहून प्रत जमा करायची, म्हणजे कार्यालय तास मोजणार.

मला जिनं उचललं, तिला तिच्या वर्गातली मुलं 'करून बघू बाई' म्हणत. कुणी काही विचारलं की ही सरळ उत्तर द्यायचीच नाही. "करून बघू," म्हणायची आणि बाह्या सरसावायची. तिच्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं हिनंच केलं आणि त्यात प्रशिक्षणं बुडाली. आता मुदत संपायला तीन महिने उरले होते आणि अठरा तास कमी पडत होते. ते भरले नाहीत तर परवाना जाणार आणि परवान्याबरोबर वर्गही. निवृत्तीला अजून चार वर्षं होती.

सभागृहातल्या माझ्या बहिणींचं बरं चाललं होतं, असं मला मागाहून कळलं. दहा पानं उलटायची, 'योग्य' अशी खूण करायची आणि चहा आला का ते बघायचं. इथं घरी मात्र माझी धडगत नव्हती. माझ्यातला एकेक प्रयोग बाई स्वयंपाकघरात करून बघायची. माझ्या कितीतरी पानांवर अजून पाण्याचे डाग आहेत.

अडतिसाव्या पानावर ती अडली. हवा तापली की फुगते, हे दाखवण्यासाठी काचेच्या बाटलीत उकळतं पाणी ओता आणि तोंडाला फुगा लावा, असं माझ्यात छापलं होतं. तिनं ओतलं. बाटली तडकली. दुसऱ्या रविवारी जाड काचेची बाटली आणली, तीही गेली आणि मग तिसरीही. तिचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून बसलेले असायचे, त्यांनी तिसऱ्या वेळी भिंग काढलं.

"अगं, आता पाणी काय ओंजळीनं प्यायचं का आपण?"

"इथं तडकली ते बरं झालं. वर्गात चाळीस पोरं वाकून बघत असतात."

"तुला नुसतं वाचून खूण करायची होती ना?"

"वाचून चटका बसतो का?"

ते हसले आणि म्हणाले, "साडेदहाला तीन मिनिटं कमी आहेत. लिही." तिनं तसंच लिहिलं. समासातल्या माझ्या वेळा अशा घड्याळजीच्या घरातल्या, मिनिटाचाही फरक नसलेल्या. शेवटी प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला फुगा लावून ती हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात उभी केली, तेव्हा फुगा हळूहळू ताठ झाला. बाईनं एकटीनंच टाळ्या वाजवल्या. मला फार आनंद झाला, कारण ती माझी चूक होती आणि ती कुणीतरी माझ्यासाठी निस्तरली होती.

मुदतीच्या दहा दिवस आधी ती मला जमा करायला घेऊन आली. कार्यालयात नोंदणीच्या ताई होत्या. त्यांच्या एका कानाला फोन होता आणि समोर तिघं ताटकळत उभे होते.

"ठेवते हं ताई, नऊ नंबर."

"ठेवा, ठेवा."

बाईनं मला टेबलावर ठेवलं आणि शाळेची वेळ झाली म्हणून ती निघाली. पोच घ्यायची राहिली. एवढंच तिचं चुकलं.

त्याच दुपारी पुस्तकाच्या संपादकांनी मला नेलं. पंधरा दिवस मी त्यांच्या उशाशी होते. "ही खरंच करून बघितलेली दिसते," असं ते आपल्याशीच म्हणाले आणि माझ्या समासातल्या एकतीस दुरुस्त्या त्यांनी उतरवून घेतल्या. आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. मग त्यांनी मला पुन्हा टेबलावर आणून टाकलं. नोंद ना जाताना झाली, ना येताना. त्या टेबलाचा एक पाय आखूड होता. ते डुगडुगतंय म्हणून शिपाईकाकांनी हाताला आलं ते जाडजूड काहीतरी पायाखाली सरकवलं. ती मी होते.

महिन्याभरानं त्याच टेबलाशी बसून मोठ्या साहेबांनी बाईच्या परवान्याची सुनावणी घेतली. खालून मला तिची फक्त पावलं दिसत होती.

"मी घरी काम केलंय, साहेब. प्रतीत सगळं आहे, तारीख-वेळेसकट."

"प्रत कुठाय?"

"इथंच दिली, ताईंकडे."

"माझ्या वहीत अकराच आहेत हो," ताई हळूच म्हणाल्या.

"संपादकांना विचारा ना."

"विचारलं. कुठली खूण कुणाची, त्यांना आठवत नाही. पोच आहे?"

"नाही घेतली."

"मग बाई, असं तोंडी काय, कुणीही सांगेल."

तिच्या पायांची बोटं आवळली गेली. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती, मित्रांनो. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मी आहे ना इथं, उचला ना मला! पण टेबलाचा पाय माझ्या पाठीवर होता आणि वरती परवाना रद्द केल्याच्या सह्या होत होत्या.

आठ महिन्यांनी नवीन टेबलं आली. शिपाईकाकांनी मला ओढून काढलं, झटकलं आणि सहज एक पान उघडलं. मग त्यांनी मला ताईंसमोर ठेवलं. ताईंनी वेळा एकाखाली एक मांडल्या, दोनदा बेरीज केली आणि फोन लावला. मला दोन्ही हातांत धरता यावं म्हणून त्यांनी फोन टेबलावरच ठेवून आवाज मोठा केला.

"बाई, तुमची प्रत सापडली. आमच्याकडेच होती. माझ्याच टेबलाखाली होती हो." त्यांना रडू आवरेना.

"अहो, रडू नका. किती भरले?"

"सव्वाएकवीस."

ताईंनी कोरा कागद पुढं ओढला.

"मी वर लिहिते, बाई. काहीतरी मार्ग निघेल."

"आता नको. माझ्या जागी एक मुलगी आलीय, चांगली शिकवते म्हणतात. तिचा वर्ग कशाला मोडायचा? फक्त एक करा. साहेबांना सांगा, मी खोटं बोलत नव्हते."

"सांगते," ताई म्हणाल्या. साहेबांची बदली होऊन पाच महिने झाले होते, हे त्यांनी तिला सांगितलं नाही.

मी आता काचेच्या कपाटात असते. माझ्या पोटात सव्वाएकवीस तास आहेत आणि ते कुणाच्याच नावावर नाहीत. मित्रांनो, तुमच्या हाती कुणी विश्वासानं आपलं काम ठेवलं, तर ते बाजूला सारण्याआधी एकदा उघडून बघा. माझं एक पान जरी वेळेवर कुणी उलटलं असतं, तरी आज सकाळी त्या वर्गाचं दार तिनंच उघडलं असतं.