खालच्या घराची लाइन

आप्पांच्या पलंगाशेजारच्या कपाटामागे एक राउटर होता आणि त्याला दुपारची डुलकी लागायची. वरून दिवे सगळे लुकलुकत असायचे, पण आत जीव नसायचा. तो डुलकीत गेला की आप्पांच्या गळ्यातलं लाल बटण मुकं व्हायचं. कंबरेचं हाड मोडल्यापासून सगळं घर त्या बटणावर विसंबून होतं. आप्पा पडले, घाबरले, काही झालं, की ते दाबायचं. मग दूरच्या शहरात त्यांच्या मुलाच्या, बाबूच्या फोनवर आणि खाली तळमजल्यावर धाकट्या भावाच्या, म्हणजे बाबूच्या काकांच्या फोनवर एकदमच खणखणायचं. कंपनीने राउटर दोनदा बदलून दिला. नव्याने आल्या आल्या जुन्याचेच गुण उचलले.

त्यावर उपाय एकच. प्लग काढायचा, थोडं थांबायचं, परत लावायचा. पण प्लग कपाटामागे, अगदी जमिनीलगत, आणि आप्पांना वाकायची बंदी. कामाला येणारी बाई दुपारपर्यंत निघून जायची. राउटर झोपला की दोघांच्याही फोनवर ‘संपर्क तुटला’ असं यायचं, बाबू काकांना फोन करायचा आणि काका चार मजले चढून वर यायचे. इमारत जुनी, लिफ्ट नव्हती.

इथवर सगळं ठीक होतं. पण काका आणि आप्पा एकमेकांशी बोलत नव्हते.

“सख्खा भाऊ वर जातो, भावाच्या उशाशी वाकून प्लग काढतो, लावतो आणि परत येतो,” काकू म्हणायची. “तोंडातून अक्षर नाही! प्लगशी तरी बोलत असतील, देव जाणे.”

भांडण ना घरावरून झालं होतं, ना पैशावरून. आप्पा दर आठवड्याच्या प्रार्थनेत उभं राहून गात गात कथा सांगायचे. त्यांनी एक ओळ टाकली की सभागृहातली बायकामाणसं डोळे पुसायची. मागे झांज घेऊन धाकटा भाऊ उभा असायचा. आप्पांनी सोडलेली ओळ तो उचलायचा आणि आप्पा तेवढ्यात दम घ्यायचे. एकदा कथा अगदी रंगात आली होती, देव दाराशी येऊन उभा राहिला होता आणि आतलं माणूस दार उघडत नव्हतं. नेमका तिथे काकांचा सूर घसरला. आप्पांनी मागे न बघता हात वर केला. “थांब तू. नुसता उभा राहा.” भरल्या सभेत. काकांनी झांज खाली ठेवली. पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. आप्पांचं गाणंही मग महिन्याभरात आटलं. मागे ओळ उचलायला कुणी नसेल तर माणूस किती गाणार?

अलीकडे काकांच्या छातीत डॉक्टरांनी जाळी बसवली. काकूने बाबूला फोन केला. तिने कधी नव्हे तो आवाज खाली आणला होता.

“बाबू, त्यांना जिना बंद सांगितलाय रे. पण तुझा फोन आला की हे चपला शोधायला लागतात. मी रागावले तर म्हणतात, कोपऱ्यावर जाऊन येतो. कोपरा काय चौथ्या मजल्यावर आहे? तू काहीतरी कर. तू हेच काम करतोस ना?”

बाबू हेच काम करायचा. ऑफिसात खुर्चीत बसून तो कुठल्या कुठल्या गावांतली यंत्रं बंद-चालू करायचा. डोंगरावरचा टॉवर त्याचं ऐकायचा, बंदरातला कॅमेरा ऐकायचा, बापाच्या कपाटामागचा एक राउटर तेवढा ऐकत नव्हता. त्याची त्यालाच लाज वाटली. पुढच्याच सुट्टीला पिशवीत नेटवर चालणारा स्विच घालून तो आला.

“हे काय, नवीन बोर्ड?” आप्पांनी उशीवरून मान वर करून विचारलं.

“बोर्डच आहे. फक्त ह्याचं प्रत्येक सॉकेट मी तिकडे बसून बंद-चालू करू शकतो.”

“म्हणजे तू तिकडून माझा पंखा बंद करणार?”

“गोळ्या घेतल्या नाहीत तर करीन.”

“बघा! बापावर पाळत,” आप्पा म्हणाले, पण हसले.

बाबू जमिनीवर आडवा झाला. कपाट हातभर सरकवलं, जाळी-जळमटं काढली. भिंतीतल्या सॉकेटला स्विच जोडला आणि स्विचला राउटर, लाल बटणाचा निरोप पकडणारा डबा, शिवाय उशाजवळचा दिवा आणि टेबलावरचा पंखा. स्विचमधून नेटची एक छोटी केबल काढून राउटरच्या मागच्या खोबणीत खुपसली. मग फोनवर प्रत्येक सॉकेटला नाव दिलं, पासवर्ड घातला आणि दाराबाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला.

“दिवा!” तो ओरडला. दिवा गेला, आला.

“पंखा!” पंखा मंदावला, पुन्हा गरगरू लागला.

“राउटर!” राउटरचे दिवे विझले आणि थोड्या वेळाने, कुणी हात न लावता, एकेक करून परत लागले. ह्या स्विचला एकदा ‘बंद करून चालू कर’ सांगितलं की पुढचं त्याचं तो बघायचा.

बाबू आत आला तो परीक्षेत पहिला आल्यासारखा. आप्पा मात्र छताकडे बघत होते.

“छान झालं,” ते म्हणाले. “म्हणजे आता तो यायचा नाही.”

“कोण?”

“प्लगवाला.”

बाबू पलंगाच्या कडेवर बसला. आप्पांनी पांघरुणाची घडी उगीचच सारखी केली.

“तू त्याला सांगितलं होतंस, दहा आकडे मोजून प्लग लाव. तो आकडे मोजत नाही. एक कडवं म्हणतो. माझ्याकडे पाठ करून, भिंतीला ऐकवल्यासारखं. हळू.”

“नीट म्हणतात?”

“तिसऱ्या ओळीत घसरतो. दर वेळी तिथेच.”

“मग तुम्ही काय करता?”

“काय करणार? पडून राहतो.” मग म्हणाले, “तू जा, तुझी बस चुकेल. केलंस ते बरोबरच केलंस. त्याला जिना नकोच.”

बाबू बसस्टँडवर पोचला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. बस लागलेली होती. त्याने पायरीवर पाय ठेवला आणि खिशातला फोन थरथरला. संपर्क तुटला. बाबू मनातल्या मनात हसला. घे म्हणावं आता डुलकी! त्याने स्विचचं पान उघडलं, ‘राउटर’वर बोट ठेवलं आणि सांगितलं, बंद करून चालू कर.

चक्र फिरत राहिलं. पान उघडेना. त्याने परत दाबलं. परत चक्र.

मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्याने कपाळावर हात मारला. मागचा प्रवासी म्हणाला, “चढताय का उतरताय?”

स्विचपर्यंत त्याचा हुकूम जाणार कुठून? राउटरमधून. आणि झोपला कोण होता? राउटर. झोपलेल्याला उठवायचा निरोप त्याने झोपलेल्याच्याच हातात दिला होता. मघाशी जिन्यातून सगळं चाललं, कारण मघाशी राउटर जागा होता. ऑफिसात प्रत्येक ठिकाणी दोन लाइनी असायच्या, एक कामाची आणि एक हुकूम द्यायची. त्या कधी कुणी टाकल्या हे बाबूने विचारलंच नव्हतं. पाणी नळाला येतं तशी त्याच्या हिशेबी दुसरी लाइन यायचीच.

आणि ‘संपर्क तुटला’ हे खाली काकांच्या फोनवरही आलं असणार. त्याने काकांना फोन लावला. उचलला नाही. काकूला लावला. मागे गलका होता. “मी बाजारात आहे रे. का? हे घरीच आहेत.”

बाबू बस सोडून धावत सुटला.

काका तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसले होते, एक हात कठड्याला, एक छातीवर. शर्ट पाठीला चिकटला होता.

“काका!”

“अरे, ये ये,” काका धापा टाकत म्हणाले. “बसलो जरा. देखावा बघत होतो.” समोर भिंत होती. “तुझं ते यंत्र कुठे गेलं? काकू तर म्हणाली, आता सगळं तिकडूनच होणार.”

बाबू खालच्या पायरीवर बसला आणि कुठे चुकलं ते सगळं सांगितलं. काका ऐकता ऐकता हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. बाबूने त्यांची पाठ चोळली.

“एवढा शिकलास आणि कुलूप लावून किल्ली आतच ठेवलीस होय रे?”

“हो. आता दुसरी लाइन हवी, काका. जी आप्पांच्या राउटरमधून जात नाही अशी.” त्याने खाली बोट दाखवलं. “तुमच्या घरी आहे.”

“माझी? ती कसली लाइन! मुंगीच्या पावलांनी चालते. तुझी काकू सिनेमा लावते तो दोन दिवस संपत नाही.”

“सिनेमा नकोच. बटण आप्पांच्याच लाइनवर राहू दे. बंद हो, चालू हो, एवढा निरोप न्यायला तुमची लाइन पुरे. तुमच्या राउटरपासून वर स्विचपर्यंत एक केबल टाकायची. मग तुम्हीसुद्धा खुर्चीत बसून ते करू शकाल. जिना नाही.”

काका उठले. कठडा धरून त्यांनी खाली पाऊल टाकलं, मग वळले.

“देईन की. पण तू मागितलीस म्हणून नाही. ज्याला हवीय त्याला तोंड आहे. चांगलं खणखणीत आहे. सगळ्या सभेने ऐकलंय.” आणि एकेक पायरी उतरत गेले.

बाबूने आधी वर जाऊन प्लग काढला, लावला. राउटर जागा झाला. आप्पा त्याच्याकडे बघत होते.

“पावलं वाजली होती. तो होता. तिसऱ्यावर थांबला. परत का गेला?”

बाबूने काही न लपवता सांगितलं. चूक, लाइन, काकांचं बोलणं, सगळं. आप्पांचा चेहरा दगडासारखा झाला.

“मी मागू? मी थोरला आहे त्याच्याहून.”

“हो.”

“झांज कुणी टाकली? त्याने. सभा कुणी सोडली? त्याने. आणि मी मागू?”

राउटरचे दिवे उघडझाप करत होते.

“किती वेळ बसला होता?” आप्पांनी विचारलं.

“माहीत नाही. मी आलो तेव्हा बोलताना दोन शब्दांमध्ये थांबत होते.”

“चेहरा?”

“पांढरा पडला होता.”

आप्पांनी डोळे मिटले. बाबूला वाटलं, झोपले. ओठ हलत होते, प्रार्थनेत हलायचे तसे. मग डोळे उघडून ते म्हणाले, “खुर्ची आण. खिडकीशी ने मला.”

बाबूने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि खिडकी उघडली. खाली अंगण होतं. दोघी बायका कपडे वाळत घालत होत्या, एक म्हातारे गृहस्थ सायकलची साखळी बसवत होते. काकांचं दार उघडंच होतं. आप्पांनी छातीत हवा भरली.

“छोट्या!”

काय तो आवाज! एवढे दिवस पलंगात पडून राहिलेला, पण कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन आला. सायकलवाल्यांनी साखळी सोडली. बायका वर बघायला लागल्या. काका दारात आले, पण वर बघेनात.

“छोट्या, तुझ्या घरातून एक लाइन हवीय मला.”

“ऐकू आलं नाही,” काका म्हणाले. ते अख्ख्या अंगणाला ऐकू आलं होतं.

“लाइन हवीय! आणि तू वर येऊ नकोस!”

काकांनी झटकन वर पाहिलं. “येऊ नको? बरं. नाही येत.”

“जिना चढू नकोस म्हणतोय, गाढवा! तू तिथे धापा टाकतोस आणि मी इथे पडून ऐकतो. मला नाही ते सोसत.” आप्पांनी खिडकीची कड घट्ट धरली. “चारचौघांत तुला गप्प केलं होतं मी. आता चारचौघांत मागतोय. देतोस का?”

एका बाईच्या हातातल्या चादरीतून पाणी ठिबकत होतं, तिला पिळायचं भान नव्हतं.

“दादा,” काका शेवटी म्हणाले, “एवढ्याने ओरडू नकोस. कंबरेत कळ येईल.” आणि डोळ्यांना बाही लावून म्हणाले, “तार सोड खाली. मी धरतो.”

बाबूने कोपऱ्यावरच्या दुकानातून केबलचं भलंथोरलं वेटोळं आणलं. स्विचमधली छोटी केबल काढून तिथे एक टोक जोडलं, वेटोळं आप्पांच्या मांडीवर दिलं आणि स्वतः पाइपाला केबल बांधायच्या पट्ट्या घेऊन जिन्याच्या खिडक्यांशी गेला. त्याला वाटलं होतं, हे काम आपल्यालाच करावं लागणार. पण त्याला कुणी विचारेचना.

“सोड!”

“सोडतोय. ओढू नकोस!”

“ओढत नाही, तूच अडवून धरलंयस!”

“पीळ पडतोय, दिसत नाही का तुला?”

“मला इथून तुझं नाकसुद्धा दिसत नाही!”

“सुटला पीळ,” आप्पा म्हणाले.

“आता सैल सोड. अजून. अरे, एवढी नको, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लोंबतेय ती!”

“मग धर ना नीट. नुसता उभा काय...” आप्पा तिथेच अडखळले. वेटोळ्यावरचा हात थांबला. खाली काकाही थांबले.

“पुढे बोल,” काका म्हणाले. “धरलीय मी.”

आप्पांनी केबल पुन्हा हळूहळू सोडायला सुरुवात केली.

तेवढ्यात काकू बाजाराच्या पिशव्या घेऊन फाटकातून आत आली. अंगणभर बघे, वरून केबल लोंबतेय, खाली नवरा मान वर करून ओरडतोय, वरून थोरले दीर ओरडतायत. तिच्या हातून पिशवी सुटायचीच बाकी राहिली.

“अहो, हे काय! अंगणात उभं राहून भांडताय?”

“भांडत नाही गं,” काका म्हणाले आणि केबल हाताला गुंडाळून घेत पुन्हा वर पाहिलं. “बोलतोय. दादा, जरा डावीकडे घे.”