साडेतीनशे वारांची दुर्बीण

रायफलीवर दुर्बीण बसवायची तर ती कशासाठी, हे आधी ठरवावं लागतं, आणि जालिंदरचं ते वर्षभरापूर्वीच ठरलं होतं. खर्ड्याहून पहिली एसटी धरून तो नगरला आला होता तो फक्त दुर्बीण निवडायला.

दुकानदार राधाकृष्णशेठनी दोन दुर्बिणी पुढ्यात ठेवल्या. एक नवी, साधी, जवळच्या शिकारीला पुरेल अशी. दुसरी कुणा लष्करी साहेबाने बदलीवर जाताना विकलेली, जडशीळ, तिच्या माथ्यावर आणि कुशीला एकेक फिरकी. गोळी जितकी लांब जाईल तितकी खाली पडते. माथ्यावरची फिरकी टिकटिक फिरवून ठेवली की ती उणीव भरून निघते आणि लांबचा नेमही बरोबर बसतो, असं शेठनी समजावून सांगितलं.

“मारायचंय काय?”

“रानडुकरं. भुईमुगाचा पार इस्कोट करत्यात.”

“अंतर किती?”

“साडेतीनशे वार,” जालिंदर पटकन बोलून गेला.

शेठ हसले. “डुकरांना जागा नेमून दिलेली दिसते तुमच्याकडं.”

जालिंदर हसला नाही. त्याने फिरकीची दुर्बीण उचलून डोळ्याला लावली आणि दारातून रस्त्याच्या टोकाकडे रोखली. तिथे एक माणूस पाठमोरा वाकून सायकलीत हवा भरत होता. पण दुर्बिणीत तो माणूस तोंड वळवून, डावा डोळा मिटून, सरळ जालिंदरकडेच बघत होता. जालिंदरने दुर्बीण खाली घेतली. माणूस पाठमोराच होता आणि पंपाचा दांडा खालीवर होत होता.

“डावा डोळा नीट मिटा,” शेठ म्हणाले. “नवख्याचा उघडतो. एकदा सवय लागली की तो आपोआप मिटलेला राहतो.”

जालिंदरने तीच दुर्बीण घेतली. परतीच्या एसटीत चढताना त्याची पायरी हुकली आणि नडगी चांगलीच सोलून निघाली. त्याने कंडक्टरला शिव्या घातल्या.

ओढ्याच्या अलीकडे जालिंदरचं घर, पलीकडे थोरल्या भावाचं, रखमाजीचं. शेजारच्या शेताचा बांध दर नांगरटीला थोडा थोडा कोरून आपल्यात घेण्याची जालिंदरची जुनी खोड. शेजाऱ्याने मोजणी आणली, पंच बसले, आणि भर चावडीवर रखमाजी उठून म्हणाला, “बांध माझ्या भावानंच कोरलाय, मी डोळ्यानं बघितलंय.” त्या दिवसापासून जालिंदर गावात मान वर करून चालला नाही. भाऊ खोटं बोलला असता तर त्याने एकवेळ माफ केलं असतं. खरं बोलला, हे त्याच्या काळजात रुतून बसलं. तेव्हापासून दोघे भाऊ आपापल्या ओट्यावर बसत ते एकमेकांच्या घराकडे पाठ करून. गावाला त्या दोन पाठींची सवय झाली होती. जालिंदरला मात्र त्यातली एक पाठ नकोशी झाली होती, आणि मोजणीची साखळी मागून आणून त्याने तिच्यापर्यंतचं अंतर गुपचूप मोजून ठेवलं होतं.

माळावर त्याने चुना फासलेलं मडकं ठेवून नेम बसवायला घेतला. पहिली गोळी मातीत गेली. त्याने फिरकी टिकटिक पुढे सरकवली, आणि जराशाने मडकं फुटलं. तेवढ्यात शेळ्या राखणारी केशरबाई पल्याड पाठमोरी बसून काटक्या गोळा करताना दिसली, म्हणून त्याने दुर्बिणीतून बघितलं. केशरबाई त्याच्याकडे तोंड करून बसली होती, मान किंचित कलती, डावा डोळा मिटलेला. त्याने धोतराच्या सोग्याने काच पुसपुसून पुसली. काचेत काही खोट नव्हती.

घरात त्याचं काहीतरी बिनसत चाललं होतं. तांब्याला हात घालावा तर तो अलीकडेच पडे. चौकटीला डावा खांदा रोज आपटे. गडीमाणसं बोलताना त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळत. त्याची बायको कलाबाई जेवण वाढता वाढता त्याच्याकडे टक लावून बघे आणि त्याने बघितलं की नजर फिरवी. एकदा तिने न बोलता उशाशी एरंडेलाची वाटी आणून ठेवली; उठताना त्याचा पाय लागून ती सांडली, आणि ती का ठेवली हे विचारायच्या ऐवजी तो तिच्यावर खेकसला.

खंडेनवमीला कलाबाईने विळा, कुऱ्हाड, नांगर, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. रायफलीपाशी येऊन ती थांबली आणि ताट घेऊन आत निघून गेली.

दसऱ्याला सीमोल्लंघन करून आलं की धाकट्याने थोरल्याच्या घरी सोनं द्यायला जायचं, अशी रीत. कलाबाई आपट्याची पानं घेऊन पुढ्यात उभी राहिली. “औंदा तरी जावा. तुमचंच भाऊ हायती.”

“जा म्हनं. हितूनच धाडतो त्येला सोनं.”

तिने पानं पदराला बांधली. दिवस कलल्यावर, गावात फटाके वाजत असताना, जालिंदर कडब्याच्या गंजीआड पालथा पडला. त्या आवाजात अजून एक बार कुणाला कळणार होता? फिरकी साडेतीनशेवर होती. रखमाजी पलीकडच्या ओट्यावर नेहमीसारखा पाठमोरा बसला होता. जालिंदरने दुर्बिणीला डोळा लावला.

रखमाजी त्याच्याकडे बघत होता. मान किंचित कलती, डावा डोळा मिटलेला. हात मात्र मोकळे होते, मांडीवर आपट्याची पानं होती. दुर्बिणीतल्या दोन रेषांची फुली नेमकी त्याच्या उघड्या डोळ्यावर आली. जालिंदरचं बोट चापावर गेलं, आणि त्याच क्षणी कडेने कलाबाई त्या गोलात शिरली. ती ओढा ओलांडून कधी गेली ते त्याला कळलंच नव्हतं. ती थोरल्या दिराच्या मागूनच पाया पडायला वाकली, अलीकडे पाठ करून. आणि वाकलेल्या त्या पाठीवर तिचाच चेहरा जालिंदरकडे वळलेला होता, डावा डोळा मिटून.

बोट चापावरून निघालं. रायफल गंजीत खुपसून तो घरात येऊन बसला.

कलाबाई परतली ती हातात रखमाजीने दिलेली पानं घेऊनच. तिने ती त्याच्यापुढे धरली. त्याचा हात दोनदा अलीकडेच राहिला.

“काय म्हनला त्यो?”

“माझ्याकडं बघितलं बी न्हाई. पाठ करूनच बसलं हुतं.” ती घुटमळली. “म्हनलं, जाल्याला सांग, लई दिस झालं, आता त्यो डावा डोळा उघड म्हनावं.”

जालिंदर हसायला गेला. मग त्याने हळूच हात वर नेला आणि गालावरून बोटं सरकवत डोळ्यापाशी आणली.

मिटलेल्या पापणीवर धुळीचा जाड थर बसला होता.