आंदणाचं माप

गादी कॉटवर पसरली आणि एका बाजूने दीड फूट खाली लोंबली.

हनीफने ती भिंतीकडे सरकवली. मग ती भिंतीवर चढली. कॉट अडीच फुटांची आहे, हे त्याला खोलीच्या दारातूनच दिसलं होतं. तरी त्याने सुतळी सोडली, गुंडाळी उलगडली आणि गादी टाकून पाहिली. खांद्यावर आणलेलं ओझं न उघडता परत न्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"अब्बा," रूही हळूच म्हणाली, "ही डबलची आहे."

"दिसू राह्यलं मले."

जळगावच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलमधली ही दुसऱ्या मजल्यावरची खोली. दोन कॉट, दोन टेबलं, दोन कपाटं. दुसऱ्या कॉटवर शिंदखेड्याहून आलेल्या सारिकाची फोमची गादी होती. तिचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. सारिका कपाटाला कुलूप बसतं का ते बघत होती. एवढं बघण्यासारखं त्या कुलपात काही नव्हतं.

हनीफ पिंजारीचं बोदवडला स्टेशनच्या रस्त्यावर गाद्या भरायचं दुकान. बापाच्या हाताखाली बसायला लागला त्याला एकतीस वर्षं झाली. फोम आल्यापासून कामं दोनच उरली होती. दिवाळीच्या आधी जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचा आणि लग्नसराईत आंदणाच्या गाद्या भरायच्या. आंदणाच्या गादीचं माप कोणी सांगत नाही आणि पिंजारी विचारत नाही. चार फूट बाय सव्वासहा. मुलीचा बाप दुकानाच्या पायरीवर येऊन एवढंच म्हणतो, "पोरगी जाऊ राह्यली, गादी भरायची." त्यावर माप विचारणं म्हणजे तिला कसलं घर मिळालंय ते विचारण्यासारखं. हनीफ फक्त तारीख विचारायचा आणि कात्री घ्यायचा.

ऑगस्टमध्ये रूहीचा नंबर लागला. कॉलेजच्या साइटवरून तिने दोन पानांची यादी छापून आणली. पहिलं पान हनीफने दुकानातल्या खिळ्याला अडकवलं. बादली, मग, कुलूप, दोन चादरी, ताट, वाटी, मच्छरदाणी. आठव्या ओळीत 'गादी – १'. दुसरं पान रूहीने दाखल्यांच्या फाइलमध्ये ठेवलं. त्यावर होस्टेलचे नियम होते आणि खाली कॉटचं माप.

"फोमची घेऊ का, अब्बा?" तिने तेव्हाच विचारलं होतं. "हलकी असते. घडी होते."

"पिंजाऱ्याची पोर फोमवर निजली तर मी शटर ओढून घरी बसतो."

तो हसत म्हणाला होता, पण रूहीने तो विषय परत काढला नाही. पुढचे पंधरा दिवस ती दाखल्यांसाठी तहसीलच्या चकरा मारत राहिली. इकडे हनीफने स्वतःशीच तेच वाक्य म्हटलं, पोरगी जाऊ राह्यली, गादी भरायची. जामनेरच्या बाजूचा चांगला कापूस आणला, दोनदा पिंजला, निळ्या पट्ट्यांचं कापड फाडलं. बायको हसीनाबी चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "पोरीला माप विचारलं का?"

"एकतीस वर्षं झाली," हनीफ म्हणाला, "आणि तू मले माप विचारायला सांगते."

आता ती गादी अडीच फुटांच्या लोखंडी कॉटवर पडली होती.

"खाली गेटजवळ फोमचा टेम्पो उभा आहे," रूही म्हणाली. "सिंगल साइज आहेत त्याच्याकडे. एक घेऊ. ही परत न्या, कोणाच्या तरी लग्नात कामी येईल."

"तुझी गादी कोणाच्या लग्नात?"

"मग काय करायचं?"

"उकलतो. कमी करतो. तीन तासांचं काम."

रूहीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेदहा झाले होते. "अकराला ओरिएंटेशन आहे. सोबत पालक पाहिजे म्हणून लिहिलंय. अम्मी आली नाही. तुम्ही खाली गादी शिवत बसाल आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी?"

हनीफने अंगातल्या शर्टाकडे पाहिलं. पांढरा, नवा. ओरिएंटेशन म्हणजे काय ते त्याने दुकानासमोरच्या मास्तरांना विचारून घेतलं होतं. हॉलमध्ये बसायचं, साहेब बोलतात ते ऐकायचं. त्यासाठी हसीनाबीने काल शर्टाला दोनदा इस्त्री केली होती.

"दोन तास खुर्चीत बसून मी काय करू?" तो म्हणाला. "साहेब तुले सांगणार. तू ऐक."

"फोमवर एक रात्र झोपले तर काय होईल?"

"एक रात्र नाही ना. चार वर्षं आहेत."

तेवढ्यात रेक्टर ज्योत्स्ना मॅडम वही घेऊन दारात आल्या. त्यांनी गादी पाहिली, लोंबणारा दीड फूट पाहिला आणि वहीत खूण केली.

"अकरानंतर पुरुष पालकांना वर थांबता येणार नाही."

"मॅडम, गादी जरा कमी करायची होती. हिथं व्हरांड्यात बसू का?"

"इथे कापूस उडवायचा नाही. मुलींना दम्याचा त्रास असतो. पार्किंगच्या शेडमध्ये बसा."

"मग झाल्यावर वर?"

"मुली आणतील. इथे राहायचंय त्यांनाच."

हनीफने गादी परत गुंडाळली आणि खांद्यावर घेतली. रूहीने एक टोक धरायला हात पुढे केला, पण तोवर तो जिन्याला लागला होता.

पार्किंगच्या शेडमध्ये एका बाजूला मोटारसायकली होत्या, दुसऱ्या बाजूला फरशी मोकळी. हनीफने जुनी चादर अंथरली. शर्ट काढला, झटकला आणि एका मोटारसायकलच्या आरशाला अडकवला. टोपीच्या काठात खोचलेलं दाभण काढलं. दाभण तिथे कायम असे. कात्री मात्र दुकानात राहिली होती.

गेटजवळच्या टेम्पोवरचा माणूस मघापासून बघत होता. भूपेंद्र नाव, टेम्पोवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. तो जवळ आला.

"चाचा, माझ्यासमोरच दुकान मांडलं का?"

"एका गादीचं आहे. घाबरू नको."

"कशाला जीव काढता? माझी घ्या. पाच वर्षं गॅरंटी."

"माझ्या गादीला गॅरंटी नाही," हनीफ म्हणाला. "वीस-पंचवीस वर्षांनी लोक तीच घेऊन येतात. म्हणतात, हाच कापूस पिंजून परत भर. कात्री आहे का तुझ्याकडे?"

भूपेंद्र हसला. टेम्पोतून प्लास्टिक कापायची कात्री आणि गाद्या खाली ओढायची बांबूची काठी घेऊन आला. "काठी पण लागेल ना? माझे आजोबा झोडायचे कापूस. धरणगावला."

"मग तू या धंद्यात कसा?"

"तुम्ही त्या धंद्यात कसे राहिले, ते सांगा आधी," भूपेंद्र म्हणाला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून पळाला.

टाके उकलायला अर्धा तास गेला. हनीफने कापूस चादरीवर काढला, खोळ उलटी केली आणि विती टाकत अडीच फुटांवर कापली. कापता कापता तो थांबला. पुन्हा विती मोजल्या. एकतीस वर्षांत त्याने एकच माप दोनदा मोजल्याचं त्याला आठवत नव्हतं.

अकराला दहा मिनिटं असताना मुली आणि पालक होस्टेलमधून हॉलकडे निघाले. रस्ता शेडवरूनच होता. रूही सारिका आणि तिच्या आईबरोबर होती. तिने शेडकडे पाहिलं. आरशाला लटकलेला पांढरा शर्ट, बनियनवर बसलेला बाप, त्याच्या दाढीत अडकलेला कापूस. आणखी दोन मुलींनीही पाहिलं आणि त्यातली एक काही तरी बोलली. रूही चालत राहिली. हनीफने मान खाली घालून दाभणात दोरा ओवला.

थोड्या वेळाने शेडच्या खांबाला टेकून एक माणूस उभा राहिला. सकाळी खोलीत बादली घेऊन आला होता तोच, सारिकाचा बाप पुना. डोक्यावर गांधी टोपी, हातात पाण्याची बाटली.

"हॉलमध्ये नाही गेले, भाऊ?" हनीफने विचारलं.

"सारिकानी माय बठेल शे तठे. माले काय समजस तठलं." पुना चादरीच्या कडेला उकिडवा बसला. मूठभर कापूस उचलून त्याने दोन बोटांत ताणून पाहिला. "चांगला शे. कोठला?"

"जामनेरकडचा."

"आमना घर बी कापूसच शे. बठ्ठा जिनिंगमां जास." त्याने तो कापूस नीट परत ठेवला. "नि पोरनी आज टेम्पोवरथून फोम लिधा."

"हलका असतो," हनीफ म्हणाला. "घडी होते."

"हां, तीबी हाईच बोलनी."

दोघं हसले. पुनाने न विचारता खोळीचं एक टोक धरलं. हनीफने कापलेली बाजू शिवली, कापूस कोपऱ्यांपासून आत दाबत भरला आणि वरून काठीने झोडून सपाट केला. बारीक तंतू उडून मोटारसायकलींच्या सीटवर बसले. हॉलमधला लाऊडस्पीकर शेडपर्यंत ऐकू येत होता. उपस्थिती, परीक्षा, रॅगिंगविरुद्धचा कायदा. त्यानंतर एक सर म्हणाले की आता मुलांनी एकेक करून नाव, गाव आणि पालक काय करतात ते सांगावं.

नावं सुरू झाली. चाळीसगाव, वडील शिक्षक. शिरपूर, वडील शेती. भुसावळ, वडील रेल्वेत. हनीफ मधले टाके घालत होता. दाभण वरून खाली, खालून वर, दोरा ओढून गाठ. प्रवेशाच्या अर्जात रूहीने त्याच्या नावापुढे 'व्यवसाय: व्यापार' असं भरलं होतं. सही करताना त्याने ते वाचलं होतं.

"रूही हनीफ पिंजारी. बोदवड." स्पीकर क्षणभर घुमला. "वडिलांचं दुकान आहे."

"कशाचं?" सरांनी विचारलं.

दाभण अर्धं कापडात होतं. हनीफने ते ओढलं नाही.

"गाद्यांचं. वडील गाद्या भरतात."

"आलेत का आज?"

"आलेत. बाहेर आहेत."

"बाहेर का? आत बोलव ना त्यांना."

"काम चालू आहे त्यांचं," रूही म्हणाली. पुढचं नाव आलं.

हनीफने दोरा ओढला आणि गाठ मारली.

"तुमनी शे का?" पुनाने विचारलं.

"हो."

"आवाज खणखणीत शे."

"आईचा आहे तो."

पावणेएकला शेवटचा टाका पडला. उरलेला कापूस कापडाच्या दीड फुटी पट्टीत भरून हनीफने त्याचं गाठोडं बांधलं. भूपेंद्रला कात्री आणि काठी परत दिली. नळावर तोंड धुतलं, दाढी झटकली, शर्ट घातला आणि वरचं बटणसुद्धा लावलं. तोवर हॉल सुटला होता.

रूही शेडमध्ये आली. ती गादीजवळ बसली आणि काठावरून अंगठा दाबत शेवटपर्यंत नेला. कापूस कुठे कमी पडलाय का ते असंच बघायचं असतं. लहानपणी दुकानात बसून तिने हे शंभर वेळा केलं होतं.

"कोपरा?" हनीफने विचारलं.

"भरलाय."

"साहेब काय म्हणाले?"

"पंच्याहत्तर टक्के हजेरी पाहिजे म्हणाले." ती उठली. "तुम्हाला ऐकू येत होतं ना इथे?"

"मधेमधे," हनीफ म्हणाला.

रूही आणि सारिकाने गादी उचलली. जिन्याच्या वळणावर ती अडकली आणि दोघी हसायला लागल्या. आतून ज्योत्स्ना मॅडमचा आवाज आला, "उभी धरा, उभी!" हनीफ होस्टेलच्या पायरीपाशी थांबला. पुढे जायला मनाई होती. आंदणाच्या गाद्याही तो लग्नघरी पोचवून परत यायचा. त्या पुढे कुठल्या घरात, कुठल्या पलंगावर पडल्या, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

पाचेक मिनिटांनी रूही दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आली. तिथे आणखी चार-पाच मुली उभ्या होत्या.

"अब्बा, बसली!"

त्याने हात वर केला. मग एक गोष्ट सांगायची राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. "आठ दिवसांनी ऊन दाखव तिला!" तो खालून ओरडला. "पालथी करून!"

मुली हसल्या. रूहीने त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली वाकून तेवढ्याच मोठ्याने म्हणाली, "दाखवते! दोन्ही बाजूंनी!"

गेटबाहेर भूपेंद्र रिकाम्या टेम्पोचं फाळकं लावत होता. "चला चाचा, स्टेशनपर्यंत सोडतो. सगळा माल गेला आज."

"माझा पण," हनीफ म्हणाला आणि गाठोडं घेऊन पुढे बसला.

दुपारच्या गाडीला गर्दी नव्हती. सकाळी येताना त्याने गादी डब्याच्या दाराशी उभी करून धरली होती आणि रूही मांडीवर फाइल घेऊन खिडकीशी बसली होती. आता त्याने खिडकीच्या जागेवर गाठोडं ठेवलं आणि स्वतः शेजारी बसला. निळ्या पट्ट्यांच्या कापडाचा एक कोपरा बाहेर आला होता, तो त्याने आत खोचला.

भुसावळला माणसं चढली. हातात दोन पिशव्या घेतलेली एक बाई त्याच्यासमोर येऊन थांबली.

"भाऊ, इथं कोणी बसलंय का?"

हनीफने खिडकीकडे पाहिलं. मग गाठोडं उचलून मांडीवर घेतलं.

"नाही," तो म्हणाला. "बसा."