पाठीमागचं बक्कल

रविवारी दुकानाचं शटर ओढून शिंपीणबाई वृद्धाश्रमाकडे निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत नवे पट्टे होते. आतून कापूस, वर मखमल, कडेला दुहेरी टीप, आणि बक्कल पाठीमागे, जिथं बसलेल्या माणसाचा हात पोचत नाही. काम देखणं होतं. तिचं काम देखणंच असायचं, आणि तिला ते चांगलं ठाऊकही होतं.

सुरुवात तिच्या आईपासून झाली. आई आश्रमात राहायची. एकदा न्हाणीघराच्या दारात पडली. हाड मोडलं नाही, पण आश्रम चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी लेकीला बोलावून घेतलं. हाताखाली माणसं कमी, कुणाकुणाच्या मागे धावायचं, म्हणाल्या. खुर्चीला बांधायची परवानगी द्या, नाहीतर घरी न्या. घर म्हणजे दुकानावरची एक खोली, शिडीसारखा जिना आणि दिवसभर मशीनवर वाकलेली लेक. तिनं परवानगी दिली. मग तिथं बाकीच्यांना फाडलेल्या चादरींनी बांधलेलं पाहिलं, एका म्हातारीच्या कमरेवरचा वळ पाहिला, आणि तिचा जीव कळवळला. जीव कळवळला म्हणून बाईनं काय केलं, तर मऊ पट्टा शिवला. गाठ सोडा म्हणायचं सुचलं नाही, गाठ मऊ करायचं सुचलं.

पट्टा सगळ्यांना आवडला. बांधलेल्यांना सोडून सगळ्यांना. मोठ्या बाईंनी आणखी मागितले, हिनं फुकट शिवून दिले, वर पुण्य केल्यासारखी मिरवलीही.

त्या रविवारी हॉलमध्ये शिरली, तर भिंतीला लागून खुर्च्यांची रांग, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या पोटावर हिचीच दुहेरी टीप. आई टोकाला होती. कपडे ओले.

कुणाला हाक का नाही मारलीस, लेकीनं विचारलं. आई म्हणाली, मारून मारून घसा बसला. पूर्वी आपली आपण उठून जात होते.

"तुझी शिवण मात्र चांगली आहे हं," ती म्हणाली. "रोज ओढून बघते. एक टाका उसवत नाही."

"आई, तू पडू नयेस म्हणूनच ना गं."

"मला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. आईचे पाय डगमगत होते, डोकं नाही. तरी विचारलं नव्हतं.

शेजारच्या खुर्चीत एक मास्तर होते, सारा जन्म पोरांना बाकावर उभं करत आलेले, आता स्वतः उठू न शकणारे. त्यांना जवळचं दिसत नसे, लांबचं मात्र लख्ख दिसे. समोरच्या भिंतीवर, कायद्यानं लावावाच लागतो म्हणून, इथं राहणाऱ्यांच्या हक्कांचा फलक होता. मोठ्या बाईंनी तो काचेत घालून छान उंचावर टांगला होता. लेक कित्येकदा त्याच्याखालून गेली, मान कधी वर केली नाही. मास्तर वेळ जात नाही म्हणून रोज तो मोठ्यानं वाचत.

"मास्तर, ते आपलं म्हणा," आई म्हणाली.

मास्तरांनी फलकाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी सुरू केलं आणि अख्खी रांग शाळेतल्या पोरांसारखी त्यांच्या सुरात म्हणू लागली. निवासी व्यक्तीला सोयीसाठी बांधून ठेवता येणार नाही. तिच्याबाबतचा निर्णय तिला विचारूनच घ्यावा. नातेवाइकाची परवानगी ही तिची परवानगी नव्हे.

सगळ्यांना पाठ होतं. सगळे बांधलेले होते.

लेकीनं आईचं बक्कल सोडलं. आई खुर्चीचे हात धरून उठली, लेकीचा हात तिनं बाजूला केला आणि भिंतीच्या आधारानं न्हाणीघराकडे निघाली. मोठ्या बाई धावत आल्या.

"आजी, पडलात तर जबाबदार कोण?"

"मी. पडणारी मी, हाडं माझी. आणि मी तुझी आजी नाही."

मोठ्या बाई लेकीकडे वळल्या. "ताई, असं असेल तर आजच घरी न्या यांना."

लेकीच्या डोळ्यांपुढे जिना आला. ती गप्प राहिली. तिचं ते गप्प राहणं आईला बरोबर ऐकू गेलं.

"तिला काय विचारतेस? इथं मी राहते. मी जाणार नाही आणि बांधूनही घेणार नाही."

लेक मास्तरांच्या पाठीमागे हात घालायला गेली, तशा मोठ्या बाई आडव्या आल्या. यांच्या मुलांनी परवानगी दिलीय, तुमचा काय संबंध? संबंध मखमलीसकट सगळ्यांच्या पोटावर होता.

"मास्तर, माझ्या लेकीला शेवटची ओळ सांगा," न्हाणीघराच्या दारातून आई म्हणाली.

शेवटच्या ओळीत तक्रार कुठं करायची ते होतं.

दुसऱ्या दिवशी त्या कचेरीतल्या कारकुनानं तिला विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध? तिनं नवे पट्टे टेबलावर ठेवले. त्यानं एक उचलला, अस्तरावरून बोट फिरवलं. काम सुरेख आहे, म्हणाला, कुणी शिवलंय?

"मी. पहिलं नाव माझंच घाला. मग आश्रमाचं. मग बांधायची परवानगी देणाऱ्या सगळ्या लेकीसुनांचं नि मुलांचं."

कारकुनाचं पेन थांबलं. एवढ्या सगळ्यांचं?

"एवढ्या सगळ्यांचं," ती म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. "लिहा सावकाश. मी दुकान बंद ठेवून आलेय."