तिघींवर एक

फिटरला मुलींचा कोच होऊन चौदा वर्षं झाली होती. दिवसभर बसच्या वर्कशॉपमध्ये ब्रेक उघडायचे आणि संध्याकाळी कारखान्यामागच्या मैदानावर फुटबॉल शिकवायचा. कितीही हात धुतले तरी नखांतलं ग्रीस जात नसे, म्हणून मुली त्याला पाठीमागे 'ग्रीस सर' म्हणत. त्याचं त्याला काही वाटत नसे.

त्याला लागायचं ते दुसरंच. त्याची मुलगी त्याच्याच संघात बचावाला खेळायची, आणि ती बापाच्या वशिल्याने खेळते, असं इतर पालक बाकावर बसून बोलत. खरं तर तिच्या तोडीची बचावाला दुसरी कुणी नव्हती. एकदा समोरचीला चिकटली की सुटायची नाही, म्हणून तिचं नावच पडलं होतं डिंक. पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? फिटरने त्यावर आपल्या परीने तोडगा काढला होता. सगळ्यांना मैदानाच्या दहा फेऱ्या, तर डिंकला बारा. बाकीच्यांना एखादी चूक माफ, हिला एकही नाही. मैदानावर तिने त्याला बाबा नाही, सर म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. पोरीने कधी हूं की चूं केलं नाही. करायला हवं होतं. पण शहाण्या मुलांचं हेच वाईट असतं, मोठ्यांचा मूर्खपणा ती निमूट चालवून घेतात.

सरावात फिटरचा जीव होता तो 'तिघींवर एक' या प्रकारात. चेंडू घेऊन तिघी चढाई करणार आणि अडवायला एकटीच. तिघींनी पांगायचं, चेंडू एका जागी ठेवायचा नाही, एकीने बचाववालीच्या पाठीमागून धाव घ्यायची. एकटीने मात्र चेंडूवर झेप घ्यायची नाही. एकेक पाऊल मागे सरत मधली वाट बंद करायची आणि तिघींना कडेच्या रेषेकडे रेटत वेळ काढायचा. फिटर मनात सहापर्यंत मोजायचा आणि शिट्टी वाजवायचा. शिट्टी झाली की मधल्या रेषेवर थांबलेली जोडीदारीण मदतीला धावायची.

"तुम्हाला जिंकायचं नाहीये," तो सांगायचा. "मदत येईपर्यंत फक्त टिकायचंय. आणि मदत येते म्हणजे येतेच."

त्या रविवारी सकाळी निवड करायला एक बाई आल्या. मोठ्या अकादमीत राहणं, शिक्षण आणि खेळ, सगळ्याची सोय होती. डिंकला पुढच्या महिन्यात अठरा वर्षं पूर्ण होत होती आणि त्यानंतर तिथे प्रवेश नव्हता. आज झालं तर झालं.

बाई कमी बोलणाऱ्या होत्या. टोपी, हातात फळी, फळीला लावलेला कागद. म्हणाल्या, "तुमचा नेहमीचा एखादा सराव दाखवा. प्रत्येकीला दोन संधी."

फिटरने दाखवला तो अर्थातच तिघींवर एक. बचावाच्या पाच मुली आळीपाळीने उभ्या राहिल्या. कुणी डगमगली, कुणी घसरली, पण सहाला शिट्टी झाली, जोडीदारीण धावत आली आणि सगळ्याजणी निभावल्या. बाई खाली मान घालून लिहीत होत्या.

मग डिंक उभी राहिली.

पोरगी काय खेळली! तिघी तिच्याभोवती नाचत होत्या, आणि ही शांतपणे एकेक पाऊल मागे सरत त्यांना रेषेकडे ढकलत होती. चार. पाच. तिघी पार कोपऱ्यात दाबल्या गेल्या आणि बाईंनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी लिहायचं थांबवलं होतं.

सहा झाले. फिटरच्या तोंडात शिट्टी होती, पण ती त्याने वाजवली नाही.

बघू दे की बाईंना, त्याला वाटलं. सहा सेकंद कुणीही काढतं, माझी पोर आठ काढते, नऊ काढते. बाकावरचे पालकही बघू देत. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते आपण करत असताना कुणाला कळतं?

सात. आठ. "सर!" मधल्या रेषेवरून जोडीदारीण ओरडली. डिंकने मान वळवून एकदा तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत असं तिने कधी केलं नव्हतं. त्या एका क्षणात एक जण तिच्या पाठीमागून पळाली, चेंडू मधून निघाला आणि थेट जाळ्यात गेला. शिट्टी वाजली ती त्यानंतर, वरातीमागून घोडं आल्यासारखी.

दुसऱ्या खेपेला फिटरने काटेकोर मोजायचं ठरवलं. पण सहापर्यंत जायची वेळच आली नाही. मदत येईल यावरचा पोरीचा विश्वासच उडाला होता. चारलाच तिने चेंडूवर झेप घेतली, चुकली, आणि तिघी तिला ओलांडून गेल्या.

बाईंनी दोन नावं वाचली. दोघीही चढाईतल्या, डिंकसमोर खेळलेल्या तिघींतल्याच.

फिटर पुढे झाला. "मॅडम, बचावातली ती शेवटची..."

"पाय चांगले आहेत तिचे. पण दबाव आला की टिकत नाही," बाई म्हणाल्या. "त्याच सरावात बाकी सगळ्या टिकल्या, ही दोन्ही वेळा फुटली. का, तुम्हाला काही सांगायचंय?"

सांगायला एकच वाक्य होतं: चूक माझी, मी शिट्टी उशिरा वाजवली. पण पालक कान टवकारून उभे होते. आता बोललो तर बाप मुलीसाठी पदर पसरतोय म्हणतील, हे त्याच्या मनात आलं.

"नाही," तो म्हणाला.

बाईंनी कागद मिटला आणि त्या गाडीत बसल्या. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंतही तो पळत जाऊन सांगू शकला असता. तो गेला नाही.

घरी डिंक मोरीत बसून मोजे घासत होती. फिटर दारात येऊन उभा राहिला. आत जाववेना आणि परतही फिरवेना.

"बाबा, एक विचारू?" ती मान वर न करता म्हणाली. "खरं सांगशील?"

"विचार की."

"रेषेवर होती ना, ती म्हणत होती, सरांनी तुझी शिट्टी मुद्दाम उशिरा वाजवली. मी तिला वाटेल ते बोलले. म्हटलं, माझा बाबा एक वेळ मला दोन फेऱ्या जास्त पळवेल, पण असलं करणार नाही. भांडणच झालं आमचं." ती थांबली. "बाकीच्यांना सहाला वाजवलीस ना?"

"हो."

"आणि मला?"

नळ गळत होता. गेले दोन महिने फिटर तो उद्या दुरुस्त करणार होता. त्याने नळाकडे पाहिलं, पोरीच्या ओल्या हातांकडे पाहिलं. खरं सांगितलं तर ती पुन्हा आपल्याकडे कशी बघेल, ते त्याला दिसलं आणि तो घाबरला. इतका तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता.

"सहालाच," तो म्हणाला.

 तिने हातातला मोजा पिळला.

"मग मीच कमी पडले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. हिशेब लागल्यासारखं तिने ते मान्य करून टाकलं होतं. "मला तर बराच वेळ झाल्यासारखं वाटलं. म्हणजे मी तेवढ्यातच घाबरले. बाई बरोबर बोलल्या."

फिटरने वाकून गळता नळ आवळला.

"तू मनाला लावून घेऊ नकोस हं, बाबा," ती उठत म्हणाली. "तुझं शिकवण्यात काही चुकलं नाही."

त्याने मान डोलावली.