चौदाव्या दिवसाचं पान

चौदाव्या दिवसाचं गोडाचं जेवण माझ्या घरी करू, असं मी दोनदा म्हटलं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं करायचं, पहिलं पान त्याच्या नावानं वाढायचं, मग घरच्यांनी तोंड गोड करायचं. एवढंच तर असतं. बाबा खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत राहिले. उत्तर देवदत्तनं दिलं.

"ताई, आई तुझ्याकडे कधी जेवली नाही. आता तिचं पान तिथे मांडायचं? इट्स नॉट फेअर टु हर."

आई माझ्याकडे जेवली नाही, कारण माझ्याकडे मासे शिजतात. माझा नवरा रवींद्र मालवणचा. आई स्कारबरोला आमच्याकडे यायची, सोफ्याच्या कडेला बसायची आणि पर्समधून स्वतःची पाण्याची बाटली काढायची. बाहेर मात्र ती कुठेही जेवायची. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "हॉटेलात कुठल्या भांड्यात काय शिजतं ते आपल्याला दिसत नाही. न दिसलेल्याचा दोष नाही. तुझ्याकडचं मला ठाऊक आहे." या युक्तिवादात मी बरीच वर्षं फट शोधली. सापडली नाही.

ती आजारी पडल्यावर मी नवा कुकर घेतला. तो माझ्या घरी नेलाही नाही. थेट आईच्या स्वयंपाकघरात उघडला आणि त्यात मुगाची खिचडी केली. आईनं चमचा ओठांजवळ नेला आणि खाली ठेवला.

"कुकर नवा आहे गं. हात तेच आहेत."

त्याच आठवड्यात देवदत्त रेजिनाहून विमानानं आला. रेडिएशन झाल्यावर तो तिला आणि बाबांना हॉस्पिटलसमोरच्या कोलंबियन रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेला. तिथला राजमा आई वाटीभर जेवली. तो परत गेल्यावरही राजमा येत राहिला. तो रेजिनाहून फोनवर ऑर्डर द्यायचा, बाबा जाऊन डबा आणायचे. फोनवर आई सगळ्यांना सांगायची, "माझ्या देवूनं शोधून काढलं हो. दुसरं काही घशाखाली उतरत नाही." मी तिथेच तिचे पाय चेपत बसलेली असायचे.

तेव्हा चौदाव्याचं जेवण तिथेच ठरलं. रवींद्रला मी येऊ नकोस म्हटलं.

मालकीणबाईंनी टेबलावरचा आईचा फोटो पाहिला, छातीवर हात ठेवला, आणि काही न विचारता फोटोसमोर गुळाच्या गरम पाण्याचा कप आणून ठेवला. हे पेय त्यांच्याकडे रोजचंच. बाबांचे डोळे भरले.

"ऊर्मी, तू वाढ," ते म्हणाले.

निदान हे तरी माझ्या हातून होणार होतं. पांढऱ्या ताटलीत डावीकडे मीठ, लिंबू, अ‍ॅव्होकॅडोची फोड. मधे भाताची मूद. उजवीकडे तळलेली कच्ची केळी आणि मक्याची जाड भाकरी, ज्याला ते अरेपा म्हणतात. गोडाला दालचिनी घातलेली तांदळाची खीर. मग मी राजम्यात डाव घातला, आणि डावात एक तुकडा वर आला. जाड साल, खाली चरबीचा थर, खाली गुलाबी मांस.

"देवू, हे काय आहे?"

त्यानं पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. "ताई, नॉट नाऊ."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी नव्हतं. मग विचारलं. ते पोर्क घालूनच शिजवतात. मी दर वेळी पीसेस काढून द्यायला सांगायचो. आज राहिलं." त्याचा आवाज उतरला. "ती जेवत होती, ताई. समबडी हॅड टु फीड हर."

"मी भरवत होते."

"अगं, तुझ्या हातचं ती खात नव्हती!"

शेजारच्या टेबलावरचं हसणं थांबलं. मी ताटली उचलली.

"जन्मभर अंड्याचा केक चालला नाही तिला. जिवंतपणी फसवलंस, आता मेल्यावरही तेच वाढायचं?"

"ऊर्मी, ठेव ते पान," बाबा म्हणाले.

"बाबा, यात डुकराचं–"

"तिला माहीत होतं."

देवदत्तनं मान वर केली.

"पहिल्याच दिवशी तिच्या घासात सालीचा तुकडा आला," बाबा फोटोकडे बघत म्हणाले. "हळूच नॅपकिनमध्ये घेतला तिनं. तू काउंटरवर गेला होतास. मला म्हणाली, देवूला कळू देऊ नका. एवढ्या लांबून येऊन पोरगा भरवतोय, त्याला वाईट वाटेल."

"आणि तरी पुढे खात राहिली?" मी विचारलं.

"हो."

देवदत्त दोन्ही हातांत तोंड झाकून रडायला लागला. बाबा उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी ताटली हातात धरून उभी होते. न दिसलेल्याचा दोष नाही, असं ती म्हणायची. इथे तर तिनं पाहिलं होतं, बोटांनी धरलं होतं. इतकी वर्षं शोधत होते ती फट ही होती. मुलाला वाईट वाटेल म्हणून ती एवढं गिळू शकत होती. माझ्या घरचं पेलाभर पाणी नाही.

मी पान फोटोसमोर ठेवलं. राजमा वाढला. तो तुकडा बाजूला काढला नाही. तिच्या आवडीचंच वाढायचं असतं.

बाबांनी पानाभोवती पाणी फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऊर्मी, वर्षश्राद्ध तुझ्याकडे करू या."

"नको, बाबा," मी त्यांच्या वाटीत खीर वाढत म्हटलं. "माझ्याकडे मासे शिजतात."